समस्थानिक म्हणजे एकाच गावचे का?

तीनहातनाका: नववीतल्या पुतणीने काल विचारलं, "काका, समस्थानिक म्हणजे एकाच गावचे ना?" स्थानिक बातम्या, स्थानिक स्वराज्य संस्था वाचून तिचा तसा समज झाला असणार. मला पटकन सांगता येईना.

वाशीकर: गाव नव्हे हो, जागा. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतली. ग्रीक आयसोस म्हणजे सम, टोपोस म्हणजे स्थान. १९१३ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडीने 'आयसोटोप' हा शब्द रूढ केला, तोच आपला समस्थानिक. सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी. ठाणे लोकलच्या भाषेत सांगा: विंडो सीट एक, बसणारे तिघे. साधा हायड्रोजन, एक न्यूट्रॉन बाळगणारा ड्यूटेरियम, दोन बाळगणारा ट्रिटियम. प्रोटॉन प्रत्येकाकडे एकच, म्हणून सीट तीच. वजन तेवढं वेगळं. ट्रिटियममधला 'त्रितोस' आपल्या तृतीयचा भाऊबंद. ड्यूटेरियममधला 'ड्यूटेरोस' (दुसरा) मात्र, वाटलं तरी, 'द्वि'चा कुणी नाही.

नेरुळची_आजी: आमच्याकडे टँकर आला की म्हणतात पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. ते हेच का?

वाशीकर: नाही आजी, ते क्षारांचं. अणुभट्टीतलं जड पाणी ड्यूटेरियमचं, साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड. रायगडात थळला करतात. तसं समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपास ड्यूटेरियम असतंच.

घोडबंदर_रोड: ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या दोघांच्या केंद्रकांच्या मीलनाला संलयन म्हणायचं की संमीलन? फ्रान्समधल्या ईटर प्रकल्पात १५ कोटी अंश सेल्सिअसला हाच जोडा जुळवायचा आहे. संलयन हिंदीतून आल्यासारखं वाटतं.

वाशीकर: मी संमीलनवाला. पंचांगात खग्रास ग्रहणाला स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष असतात ना, तिथला शब्द. मूळ अर्थ डोळे मिटणं. पण दोन केंद्रकं एक झाली की दोघांचं वेगळेपण मिटतं, म्हणून मला तो खटकत नाही. फक्त कृपा करून 'संमेलन' लिहू नका, कालच एका व्हॉट्सॲप फॉरवर्डात वाचलं.

तीनहातनाका: विंडो सीटचं पुतणीला पटलं. आता विचारते, तिघांतलं कोण आधी उतरतं?

वाशीकर: ट्रिटियम. पण उतरत नाही, पुढच्या सीटवर सरकतो. त्याचा हेलियम-३ होतो. १२.३ वर्षांत निम्मे सरकलेले असतात, त्यालाच अर्धायुष्य म्हणतात. म्हणून तर निसर्गात तो जवळजवळ सापडत नाही, लिथियमवर न्यूट्रॉन मारून करावा लागतो.