पाठमोरा हर्क्युलिस

डच कोरीवकार गोल्ट्सियसने आपल्या छापचित्रात फार्नेसे हर्क्युलिस (ग्रीक पुराणातल्या बलाढ्य वीराचा प्राचीन संगमरवरी पुतळा) पाठमोरा का कोरला, चेहराच दिसत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला तर तीच त्या चित्राची खरी जान वाटते. पुतळ्यासमोर उभं राहिलं की दिसतो सोट्यावर रेललेला, दमलेला वीर. मागे गेल्यावरच कळतं, पाठीशी धरलेल्या उजव्या हातात हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतली, पराक्रमाने मिळवलेली सोनेरी सफरचंदं आहेत! खाली कोपऱ्यातली दोन माणसं मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे बघतायत. सफरचंदं मात्र फक्त आपल्याला दिसतात.

आणि रेघा बघा. तांब्याच्या पत्र्यावरची रेघ बारीक सुरू होते, स्नायूच्या फुगवट्यावर जाड होते, पुन्हा निमुळती. दगडाची गोलाई निव्वळ रेघेच्या जाडीतून! हे चित्र छापून प्रसिद्ध झालं ते १६१७ साली, गोल्ट्सियस त्याच वर्षी वारला.