बॅले आणि कथक एकाच मंचावर: आधी जमिनीचं ठरवा

बालगंधर्वसारख्या रंगमंदिरात एकाच संध्याकाळी फिरतीचा बॅले आणि कथक ठेवायचं, तर आधी काय ठेवावं, असा प्रश्न येतो. आधी बॅले, कारण जमीन.

बॅलेला लाकडी मंचावर व्हिनाइलचं, म्हणजे जाड प्लास्टिकच्या चादरीचं आवरण लागतं. 10 मीटर खोल मंचाला 2 मीटर रुंदीचे पाच पट्टे आडवे टाकायचे. ते आदल्या रात्रीच उलगडून ठेवा. गुंडाळीचा बाक जायला वेळ लागतो, आणि घाईत चिकटवले की प्रयोगात फुगे येतात. पट्टे एकमेकांवर चढवू नका. कडेला कड भिडवून वरून टेप लावा. त्याआधी खिळे आणि स्क्रू हाताने चाचपून बघाच.

कथकसाठी हे सगळं काढावंच लागतं. व्हिनाइलवर ततकाराचा, म्हणजे पायांच्या ठेक्याचा आवाज दबतो, आणि बॅलेवाल्यांनी पाय घसरू नये म्हणून राळ वापरली असेल तर अनवाणी पाय चिकटतो, चक्करमध्ये, म्हणजे गिरकी घेताना गुडघा पिळवटतो. उलट क्रम लावलात तर तुटून पडलेलं एखादं घुंगरू पॉइंट शूजखाली, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायच्या बॅलेच्या बुटांखाली येऊ शकतं. हा धोका कृपा करून पत्करू नका.

मध्यंतर अर्ध्या तासाचं ठेवा: पट्टे काढणं, ओला पोछा, पूर्ण वाळणं, मग साथीदारांची बैठक आणि माइक.