नववीची मोलची गणितं: गाईड, क्लास की घरीच?

रावेरकर
भाचा नववीला आहे, सेमी इंग्रजी. रासायनिक समीकरण संतुलित करतो, पण ‘इतक्या ग्रॅमपासून किती ग्रॅम’ आलं की गाडी अडते. रोज अर्धा तास घेऊन बसू शकतो. काय वापरू?

तापीकाठ
गाईड नको भो, मधल्या पायऱ्या बहुतेक गाळलेल्या असतात. बालभारतीच्या पुस्तकातला ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा घ्या, पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. वहीच्या पहिल्या पानावर अणुवस्तुमानं उतरवून घ्या: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सल्फर ३२, क्लोरीन ३५.५, कॅल्शियम ४०. क्लोरीनचे ३५ करू देऊ नका, मिठाचे ५८.५ चे ५८ होतात.

१ मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम. गणिताच्या ओळी तीनच: ग्रॅमचे मोल (ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान), मोलांचं प्रमाण, मोलचे परत ग्रॅम. आकड्यापुढे एकक नसेल तर ती ओळ खोडायची, तिथं दया नको.

आता पोरं नेमकी कुठं घसरतात ते. ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळाला तर पाणी किती? समीकरणात हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २. पोरगं हायड्रोजनचं वस्तुमान २ गुणिले २ म्हणजे ४ धरतं, ४ भागिले ४ करून १ मोल काढतं आणि पाणी १८ ग्रॅम लिहून मोकळं होतं. रेणूपुढचा २ फक्त प्रमाणाच्या ओळीत वापरायचा, भागाकारात नाही. बरोबर आकडे: ४ भागिले २ म्हणजे २ मोल, पाणीही २ मोल, म्हणून ३६ ग्रॅम. पडताळा लगेच घ्या: ऑक्सिजन १ मोल लागला, ३२ ग्रॅम, ३२ अधिक ४ बरोबर ३६.

केळीचं पान
तापीकाठशी सहमत. सरावाला युरियाची गोणी घ्या, रावेरात कुठल्याही केळीवाल्याकडे सापडेल. रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन २८, म्हणजे ४६.६७ टक्के. गोणीवर ४६ छापलेलं असतं, कारण खत अगदी शुद्ध नसतं. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन २०.७ किलो. मग अमोनियम सल्फेट, (NH₄)₂SO₄, द्या: इथंही नायट्रोजन २८, पण रेणुवस्तुमान १३२, म्हणून २१.२ टक्केच. कंसाबाहेरचा २ विसरला तर नायट्रोजन १४ येतो, हायड्रोजनही ८ ऐवजी ४ च. सूत्र पाठ आहे की समजलंय ते इथं कळतं.

रावेरकर
धन्यवाद दोघांना. क्लासचा विषय संपला. ‘८० टक्के शुद्ध चुनखडी’ असं आलं तर?

तापीकाठ
शुद्धतेचा गुणाकार सर्वांत आधी, मोल काढायच्या अगोदर. २५ ग्रॅम चुनखडी, ८० टक्के शुद्ध, म्हणजे कामाची २० ग्रॅम. चुनखडीच्या (CaCO₃) रेणुवस्तुमानाने, १०० ने भागा, ०.२ मोल. पूर्ण तापवल्यावर कळीचा चुना ०.२ मोल, ५६ ने गुणून ११.२ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ८.८. बेरीज २० यायला हवी, २५ नाही. अशुद्ध ५ ग्रॅम भांड्यात तसेच पडून राहतात असं धरायचं; ‘भांड्यात एकूण किती उरेल’ असं विचारलं तर उत्तर १६.२.