वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर वजनाचा काटा अडकला की टेकडीच्या फेऱ्या वाढवू नका!

वनाझ-रामवाडी (धागाकर्ती)

माझं स्लीव्हचं ऑपरेशन (वजन उतरवण्यासाठी पोटाचा मोठा भाग कापून ते लहान करतात ते) होऊन वर्ष होत आलं. ११२ किलोवरून ८४ वर आले आणि तिथेच मुक्काम पडलाय. हनुमान टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींकडे यावर एकच औषध आहे: "अजून एक फेरी मारा." घरी सासूबाई म्हणतात, रात्रीचं जेवण बंदच कर.

माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे. ८४ म्हणजे ११२ चा बरोब्बर पाऊण हिस्सा. टेकडी तीच, वेगही तोच, पण चढायला लागणाऱ्या कॅलरी साधारण पाऊणच. बसल्याजागी शरीर जे जाळतं तेही वजनाबरोबर कमी झालंय. उतरलेल्या किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेलेत, आणि जेवण आणखी तोडलं तर उरलेलेही जातील. म्हणून मी फेऱ्या आहेत तेवढ्याच ठेवल्यात, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते आणि काटा माळ्यावर टाकलाय. कुडते कंबरेत सैल होतायत, मला तेवढं पुरे.

मतं येऊ द्यात.

शनिवारवाला

काटा माळ्यावर? म्हणजे परीक्षेचा निकाल नको म्हणून गुणपत्रिका फाडायची.

माझा बायपास (हृदयाचा नव्हे, वजनासाठी केलेला पोटाचा, म्हणजे गॅस्ट्रिक) जुना आहे, म्हणून सांगतो. वर्षाच्या आसपास थांबलेलं वजन शंभरातल्या नव्वद घरांत ताटात अडकलेलं असतं (आकडा माझा, शास्त्रज्ञांचा नव्हे). ऑपरेशन पोट लहान करतं, जीभ नाही. पोळी-भाजी चार घासांत जड होते, पण साखरेचा चहा, सरबत, आइस्क्रीम, मस्तानी सुळकन खाली उतरतं. बाकरवडी चावून चावून खाल्ली की तीही जाते, आणि शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी देऊन जाते. ऑफिसात दिवसभर दोन-दोन दाणे टिपत राहणं हा तर खास आपला आजार, त्याला कोणी जेवण म्हणतच नाही. आधी आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहून काढा. मग डंबेल्स.

बाणेरकर

मध्येच घुसतो, माफ करा. बायकोचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. पहिले पंधरा दिवस भराभर उतरलं, आता चार दिवस काटा ढिम्म. घरात रडारड चालू आहे. तिनेही वजनं उचलायची का?

वनाझ-रामवाडी

अजिबात नाही! हा थांबा वेगळा. सुरुवातीला शरीर साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा शरीरातला साठा) वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते पाणी गेलं म्हणून आकडा धडाधड पडला. आता शरीर थोडं पाणी परत धरतंय. बहुतेकांना हा टप्पा लागतो आणि आपोआप सुटतो. पाणी घोट घोट प्यायला सांगा, प्रोटीन चुकवू नका, आणि वहिनींना रोज काट्यावर उभं करू नका.

फिजिओताई

दोघांशीही अर्धी सहमत, अर्धी भांडणार.

बाणेरकर, चालणं पहिल्या दिवसापासून, पण जड उचलणं पहिले चार ते सहा आठवडे बंद. पाण्याची बादलीसुद्धा नाही. दुर्बिणीच्या छिद्रांपाशी हर्निया होऊ शकतो. पुढे कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारून.

शनिवारवाले काका, डायरीचा मुद्दा मान्य, पण व्यायाम 'मग' कसा? नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही हे खरं. उतरलेलं टिकवायला मात्र तोच लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे, नुसतं ऑपरेशनवाल्यांना नाही. जिमच हवी असं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, रबरी पट्टा, एवढ्यावर महिने निघतात.

आणि गुडघे दुखणाऱ्यांनी उत्साहात पर्वतीच्या पायऱ्या धरू नयेत. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण गुडघ्यांची खरी वाट उतरताना लागते. मग गुडघा दुखला की घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी! बायपासवाल्यांना ही औषधं विशेष धोक्याची, पोट आणि आतडं जिथे नव्याने जोडतात त्या जोडापाशी अल्सर होतो. स्लीव्हवाल्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मूग-आमटी

सगळे प्रोटीन प्रोटीन करताय. शुद्ध शाकाहारी घरात दिवसाला ६० ग्रॅम आणायचं कुठून? एवढंसं पोट, त्यात वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम. आमची आमटी तर नावालाच डाळीची. मला हा वजनं उचलायचा सल्ला म्हणजे पगार नसताना गुंतवणुकीचा सल्ला वाटतो.

वनाझ-रामवाडी

मुद्दा रास्त आहे. माझं गणित असं: शंभर ग्रॅम पनीर अठरा ग्रॅमच्या आसपास, पण दोन वेळांत विभागून. दह्याचा चक्का, बिनसाखरेचा. सोया चंक्स बारीक करून उसळीत. उरलेलं व्हेच्या (दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीच्या) चमच्यातून. ताटात आधी हे, मग भाजी, जागा उरली तर अर्धी भाकरी. सासूबाईंना भाकरी शेवटी हा प्रकार अजून पचलेला नाही.

शनिवारवाला

पाहा, म्हणजे शेवटी ताटावरच आलात.

एफसी रोडचा

एवढा खटाटोप कशाला? २०२५ पासून माउंजारो, ते भूक कमी करून वजन उतरवणारं इंजेक्शन, भारतात मिळतंय. घ्या आणि मोकळे व्हा.

फिजिओताई

वजन परत वाढू लागलेल्या काही जणांना डॉक्टर ऑपरेशननंतरही ही इंजेक्शनं देतात, त्यात काही गैर नाही. पण भूक आणखी मेली की प्रोटीन आणखी कमी, आणि स्नायू तिथेही जातातच. बंद केलं की वजन परतू लागतं. म्हणजे जे टाळायला निघालात ते करावंच लागणार, वर इंजेक्शनचा खर्च.

त्यापेक्षा आधी रक्त तपासा. टेकडी चढताना धाप लागते ती आळसामुळे की लोह आणि बी-१२ कमी झाल्यामुळे? गोळ्या जन्मभराच्या असतात आणि वर्ष झालं की लोक हमखास सोडतात. थायरॉइडही बघा.

शनिवारवाला

हे पटलं. बाकी एक सांगतो. स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. गॅस्ट्रिक बायपासवाल्यांचं पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन उतरलं, दहा वर्षांनी २५ टक्के उतरलेलं राहिलं. म्हणजे थोडं परत येतंच. ते थोडं आहे की जास्त, हे काटा माळ्यावर ठेवून कळणार कसं?

वनाझ-रामवाडी

त्याच आकड्यांवरून मी उलटं म्हणते. दहा वर्षांनीही २५ टक्के टिकतं, तर आठवडाभराच्या दोनशे ग्रॅमसाठी जीव का टाकायचा? डायरी उद्यापासून लिहिते. काटा पंधरवड्यातून एकदा खाली येईल, त्यापेक्षा जास्त नाही. कंबर मात्र टेपने मोजणार.

शनिवारवाला

मी रोज सकाळी काट्यावर चढणार. चहाच्या आधी.

बाणेरकर

आमच्याकडे आज चारशे ग्रॅम उतरलं. डायरीसाठी चांगलं ॲप आहे का मराठीत?