लिटल स्टिंट की टेमिंक्स? पायांच्या रंगाने डोकं फिरलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, तीन वर्षं झाली पक्षी बघतोय, बगळे-बदकांपर्यंत सगळं सुरळीत होतं पण आता चिखलात चरणाऱ्या या बारक्या पाणपक्ष्यांपाशी, म्हणजे स्टिंटपाशी, गाडी अडलीये. परवा सकाळी तळ्याकाठी चाळीसेक लिटल स्टिंट चरत होते (निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो) आणि त्यांच्यापासून बाजूला, गवताच्या कडेला एकच पक्षी, तोही चिमणीएवढाच, पण वागणं वेगळं. बाकीचे शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच खालीवर करत नुसते पळत होते आणि हा आपला पाय दुमडून, पोट चिखलाला टेकतंय की काय असा हळूहळू सरकत होता. पाठ एकदम साधी, राखाडी-तपकिरी, छातीही तशीच मळकट.

पुस्तकात सरळ दिलंय, पाय काळे तर लिटल, पिवळट तर टेमिंक्स स्टिंट. माझ्या फोटोत पाय काळेच दिसतायत, म्हणजे लिटल, विषय संपला. पण मन मानत नाही हो. स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) नाहीये, ८×४२ ची दुर्बीण आहे. आणि लेसर-ग्रेटर सँड प्लोव्हर कसे ओळखता तेही कुणीतरी सांगा, ते चिखल्ये मला सगळे सारखेच दिसतात.

प्रतिसाद:
पायांवर अजिबात विसंबू नका, चिखलात लडबडले की सगळ्यांचेच पाय काळे. लांबून तो छोट्याशा तुतवारासारखा (म्हणजे कॉमन सँडपायपरसारखा) वाटला का? तसं असेल तर बराचसा टेमिंक्सच. उडताना किंवा उतरताना शेपटीच्या कडा बघायच्या, टेमिंक्सच्या पांढऱ्याशुभ्र, लिटलच्या राखाडी, पण ते सेकंदभरच दिसतं, मी स्वतः कितीदा चुकवलंय. त्यापेक्षा कान वापरा. लिटल तुटक 'टिट्-टिट्' करतो, टेमिंक्स बारीक 'तिर्रर्र' करत सरळ वर चढतो. पाय पिवळट निघाले तरी लगेच नाचू नका, लाँग-टोड स्टिंटचेही तसेच असतात, फक्त त्याची पाठ चांगलीच रेघारेघांची असते.

सँड प्लोव्हरचं म्हणाल तर ते वेगळंच रामायण आहे. ग्रेटरची चोच लांब आणि जड, पायही लांब आणि बहुधा हिरवट-पिवळट, लेसरचे गडद. पण दोघं शेजारी उभे नसतील तर मी 'सँड प्लोव्हर' एवढंच लिहून पुढे जातो, त्यात कमीपणा कसला. मानेमागे पांढरी पट्टी दिसली तर मात्र तो केंटिश प्लोव्हर, म्हणजे दुसराच एक चिखल्या, असू शकतो, सँड प्लोव्हरला ती नसते.

मूळ प्रश्नकर्ता:
अहो, उडाला तेव्हा रातकिडा किरकिरल्यासारखा आवाज आला होता, मला वाटलं गवतातूनच आला! शेपटी काही बघितली नाही. आत्ता फोटो परत मोठा करून बघितला, डाव्या पायाच्या सांध्याच्या वर, जिथपर्यंत चिखल पोचला नाहीये तिथे नखाएवढा भाग हिरवट-पिवळा दिसतोय. पाठीवर रेघा नाहीतच. यादीत टेमिंक्स लिहितोय, कुणाला वेगळं वाटत असेल तर आत्ताच सांगा.