‘प्रॉक्सी वॉर’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

महालकर
नागपुरात बर्डीवर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवतो. परवा सराव पेपरात ‘शीतयुद्धातील प्रॉक्सी वॉर सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न घातला. म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांशी थेट न भिडता तिसऱ्यांना लढायला लावायचे, ती युद्धं. एका पोरानं लिहिलं, “दोन महासत्ता स्वतः वर्गात येत नाहीत, त्यांची हजेरी दुसरेच लावतात.” लाल पेन उचलला आणि तसाच धरून बसलो. शेवटी पाचपैकी साडेतीन दिले. पेपर परत देताना तोच म्हणाला, “सर, मग याला मराठी शब्द काय?” माझ्याच नोट्समध्ये एका पानावर ‘छुपे युद्ध’ आहे, दुसऱ्यावर ‘परोक्ष युद्ध’ आणि तिसऱ्यावर ‘प्रतिनिधी युद्ध’. जाणकारांनी एकावर बोट ठेवावं.

धरमपेठ
‘परोक्ष’, म्हणजे डोळ्यांआड, आधी बाद करा सर. अर्धी मराठी माणसं ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतात आणि अर्थ ‘माझ्या पाठीमागे’ असा घेतात, म्हणजे बरोब्बर उलटा. तिथे आणखी एक युद्ध कशाला जोडता? शिवाय डोळ्यांआड ते कोणाच्या? अंगोलात असंच युद्ध चाललं, तिथल्या राजधानीतल्या, लुआंडाच्या माणसाला ते दारातच दिसत होतं.

‘छुपे युद्ध’ आपल्या वर्तमानपत्रांत काश्मीरमुळे रुळलं. पाकिस्तान आपला हात नाकारतो, म्हणून तिथे ते शोभतं. पण अफगाणिस्तानात हा शब्द अर्ध्या वाटेवर गळतो. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा उघडपणे शिरल्या, म्हणजे त्या बाजूनं छुपं काहीच नव्हतं. लपायचं होतं ते अमेरिकेला. म्हणून त्यांची गुप्तचर संस्था सीआयए सुरुवातीला मुजाहिदीनांना, म्हणजे सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांना, देण्यासाठी सोव्हिएत बनावटीची हत्यारं शोधायची, इजिप्तकडून, चीनकडून, आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातून. पकडलं गेलेलं हत्यार पाहून कोणी वॉशिंग्टनचं नाव घेऊ नये, एवढाच हेतू. मग १९८६ मध्ये स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली. ती थेट अमेरिकन बनावटीची. त्या दिवसापासून ‘छुपे’ हे विशेषण कशाला लावायचं?

सिव्हिल लाइन्स
कोर्टात आयुष्य गेलं, म्हणून मला ‘मुखत्यार’ आठवला. प्रॉक्सीचा मूळ अर्थ तोच, दुसऱ्याच्या वतीनं काम करण्याचा अधिकार मिळालेला माणूस. पण ‘मुखत्यारी युद्ध’ म्हणता येणार नाही, आणि कारण मजेशीर आहे. मुखत्यारानं केलेली सही मालकावर बंधनकारक असते. मालकाला ती नाकारता येत नाही. युद्धात मात्र ‘तो माझा माणूस नव्हेच’ असं म्हणता यावं, याचसाठी दुसऱ्याला पुढे करतात.

‘प्रतिनिधी’चंही तेच, शिवाय प्रतिनिधीला स्वतःचं मत नसतं असं त्यात गृहीत धरलंय. अंगोला घ्या. ११ नोव्हेंबर १९७५ ला पोर्तुगीज गेले. सत्तेसाठी तिथले तीन गट आपसात लढत होते: एमपीएलएच्या मागे सोव्हिएत संघ आणि क्युबा, युनिटा आणि एफएनएलए यांच्या मागे अमेरिका. दक्षिण आफ्रिकेचं सैन्य तर आधीच आत घुसलेलं. पुस्तकात क्युबाला मॉस्कोचं प्यादं म्हणतात. पण कॅस्ट्रोनं त्या नोव्हेंबरात सैनिक धाडले ते मॉस्कोची परवानगी न घेता, असं कागदपत्रं पाहिलेले अभ्यासक सांगतात. १९८८ पर्यंत तिथे सुमारे ५०,००० क्युबन होते. आणि अंगोलाच्याच काबिंडा प्रांतातल्या अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरींवर पहारा याच क्युबन सैनिकांचा! त्या तेलाच्या पैशावर लुआंडाचं, म्हणजे एमपीएलएचं, सरकार चालायचं. आता सांगा, कोण कोणाचा प्रतिनिधी?

इतवारी
कायले एवढी डोकेफोड करून राहिले भाऊ? कोंबडबाजार पायला का कधी? मी लहानपणी मामासंगं गेलतो, भंडाऱ्याकडं. कोंबड्याच्या पायाले काती, म्हंजे धारदार पातं, बांधते, धाग्याचे वेढे देऊन देऊन, पोरीच्या वेणीवानी नीट. मंग मालक मांगं उकिडवा बसते. रक्त निघते थे कोंबड्याचं, पैसे लागते थे मालकाचे. हरलेला कोंबडा दुसऱ्याच्या घरी शिजते. याले आमच्याकडं ‘झुंज लावणं’ म्हणते. झालं तुमचं प्रॉक्सी वॉर!

धरमपेठ
इतवारीवाल्या भाऊंनी नेम धरला. इंग्रजीला त्यासाठी नाम घडवावं लागलं, आपल्याकडे प्रयोजक क्रियापद, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणारं, तयार आहे. फक्त ‘लढवणे’ नको. किल्ला लढवणारा स्वतः तटावर असतो, निवडणूक लढवणारा स्वतः उभा असतो. ‘झुंजवणे’ चालेल. ‘अंगोलात महासत्तांनी तीन गट झुंजवले’ हे वाक्य कोणालाही कळतं. फक्त क्युबाला कोंबडा म्हणता येणार नाही, तो आपल्या पायांनी आखाड्यात आला.

जाता जाता, आपल्या नागपूरचा या भानगडीशी जुना संबंध आहे. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि तिथल्या चंदासाहेबाला कैद केलं. तो सुटून परत गेला तोवर युरोपात १७४८ चा तह होऊन इंग्रज-फ्रेंचांत रीतसर शांतता होती. तरी १७४९ पासून कर्नाटकात (म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या बाजूला) एकमेकांवर गोळ्या चालल्याच. तिथल्या नवाबीसाठी फ्रेंचांनी चंदासाहेबाला पुढे केलं, इंग्रजांनी महंमद अलीला. १७५२ मध्ये चंदासाहेबाचं डोकं गेलं. पाँडिचेरी आणि मद्रासचे गव्हर्नर आपापल्या खुर्चीत शाबूत.

सिव्हिल लाइन्स
आणि तैनाती फौज याच्या नेमकी उलट, बरं का. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, त्यात फौज कंपनीची, खर्च नागपूरचा. पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई. तुमच्या क्लासच्या खिडकीतून ती टेकडी दिसत असेल.

महालकर
दिसते, मधल्या होर्डिंगमुळे अर्धीच.

नोट्स दुरुस्त केल्या. शीर्षकात ‘प्रॉक्सी युद्ध’ ठेवलं, परीक्षेत तेच विचारतात. ‘परोक्ष’ खोडलं. ‘प्रतिनिधी’च्या पुढे ‘क्युबा?’ असं लिहिलं. ‘छुपे’ काढलं नाही, पण अफगाणिस्तानच्या ओळीत समोर ‘१९८६ पर्यंत’ अशी टीप टाकली. कोंबडबाजार वर्गात तोंडीच सांगीन. त्या पोराचे साडेतीनाचे चार केले.