रेटिंग आठवड्यात होतं, नोकरी नाही

कुणीतरी विचारलंय की सीप्लेन रेटिंग (म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान उडवायची लायसन्सवरची जादा परवानगी) घेतलं की लगेच मालदीवला ट्विन ऑटरवर, म्हणजे तिथल्या दोन इंजिनांच्या सीप्लेनवर, पायलट म्हणून बसता येतं का. नाही हो! अमेरिकेत विमानाचं लायसन्स आधीच असेल तर रेटिंग चार-पाच दिवसांत होतं, लेखी परीक्षा नाही, तासांची किमान अटही नाही, फक्त चेकराइड, म्हणजे परीक्षकासोबत उडवून दाखवायची परीक्षा. पण खरी अडचण इन्शुरन्सची, विमा कंपनी आधी फ्लोटवरचे (विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या पोकळ तराफ्यांवरचे) उड्डाणाचे तास दाखवा म्हणते आणि ते तास कुणी विमान दिल्याशिवाय येणार कुठून? म्हणून बरेचजण आधी डॉकवर राबतात, सामान चढवा, दोर बांधा, सकाळी फ्लोटमधलं पाणी पंपाने उपसा, कंटाळवाणं आहे पण मालक तुम्हाला तिथेच जोखतो.

आणि ट्रेनिंगमध्ये ग्लासी वॉटर लँडिंग नीट घोटून घ्या. पाणी आरशासारखं असलं की उंची कळतच नाही, डोळ्यांवर भरवसा ठेवलात तर संपलंच, नाक किंचित वर, थोडी पॉवर, मिनिटाला साधारण १५० फूट उतार धरायचा आणि टेकेपर्यंत काहीही हलवायचं नाही, किनारा जवळ ठेवायचा. मला तर ते काही सेकंद तासाभराचे वाटायचे. शिवाय पाण्यात ब्रेक नसतो, इंजिन सुरू झालं की विमान चालायला लागलंच, त्यामुळे दोर सोडायच्या आधी वारा बघा.